हरकत क्र. ११२

बापाने जन्मभर लाकडी फळं रंगवली.
सीताफळ, केळ्यांचा घड,
एका बाजूला किडलेला पेरू.
तो किडका डाग म्हणजे त्याची सही.
मी शहर रंगवतो.
पिवळं राहायला, तांबडं सरकारी,
हिरवं म्हणजे अजून कुणाची नजर गेली नाही ते.
मधोमध तळं. तेवढ्यालाच निळा.

हद्दवाढीत सहा वाड्या तळ्याकडे आल्या,
म्हणजे त्या होत्या तिथेच राहिल्या,
नकाशाची कड सरकली.
हरकतींना तीस दिवस.
खिडकीपाशी टेबल, शिक्का, पोचपावत्यांचं पुस्तक आणि मी.

रफिक मकानदार म्हणाला, होड्यांना धक्का ठेवा,
बाकी तुमचं चालू द्या.
आग्नेलची बेकरी रस्तारुंदीत भट्टीपर्यंत जाते;
त्याने अर्जासोबत गरम पाव आणले,
ते आवक नोंदीत घेतले नाहीत.
तुळसुलीकर वकिलांची एकोणीस पानं.
कुणगेवाडीच्या गावकऱ्यांची एकच ओळ:
हद्द हलवलास, तर देवचाराक नोटीस दिलास?
साहेबांनी शेरा मारला, 'संबंधितांस कळवावे.'
ते काम माझ्याकडे आलं.

एकशे बारावी द्वारका राऊळ हिची.
कागद नव्हता.
कोयता उंबऱ्याबाहेर ठेवून आत आली,
भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहिली
लग्नाच्या फोटोत आपलं माणूस शोधावं तशी.
मग बोट ठेवलं तळ्याच्या निळ्यावर
आणि उलटं वर नेलं, अठरा मीटर रस्ता ओलांडून,
पिवळ्यातून, हिरव्यातून, फणसाच्या टेंबापर्यंत.
"हयसून माझो व्हाळ येता. खंय गेलो तो?"
मोजणीत नाही, म्हटलं. मोजणी मार्चात झाली.
"चार म्हयने व्हावता, आठ म्हयने निजता.
निजलेल्याक मेलो म्हणतास तुमी?"

रविवारी टेप घेऊन गेलो.
व्हाळ नव्हता, त्याची जागा होती.
दगड, सगळे एकाच अंगाने गुळगुळीत.
गडग्याच्या तळाशी कुणीतरी अंदाज घेऊन ठेवलेलं भोक.
खेकड्यांची बिळं.
करंजाच्या मुळांत अडकलेली एक लहान चप्पल,
तळ्याकडे निघालेली.
खाली कुणगे, मेरेला मेर लागून,
आणि सगळ्यात खाली दुपारच्या उन्हात
आमचं तळं,
ज्याच्या काठावरच्या बाकांना, दिव्यांना
दोन कोटी मंजूर आहेत.
पाणी येतं कुठून, याला लेखाशीर्ष नाही.

सुनावणीत निकाल: अंशतः मान्य.
रस्ता तीन मीटर सरकवावा,
खालून मोरी, नऊशे मिलिमीटर.
"म्हंजे केवढी?"
तिने दोन्ही हातांचा गोल केला.
मी तिचे हात थोडे जवळ आणले.
त्या गोलातून ती बराच वेळ
माझ्याकडे बघत राहिली.

रात्री कचेरीत एकटाच होतो.
रंगसूचीत असलेल्या पाण्याला रंग आहे,
येणाऱ्या पाण्याला नाही.
तुटक रेघ घेतली.
निळा तुकडा चार मिलिमीटर,
पुढची पोकळी आठ.
पुन्हा चार, पुन्हा आठ,
टेंबापासून तळ्यापर्यंत.
नियमात असं काही नाही.
कुणी विचारलंही नाही.
मंजुरीचा शिक्का बसला
तो नेमका एका पोकळीत.

मे महिन्यात ती बघायला आली.
तुकडे मोजले. पोकळ्यांवर नख टेकवून बघितलं.
बरं-वाईट काही बोलली नाही.
दारात कोयता उचलताना मागे वळली,
"आणि अधिक म्हयनो इलो तर?"

मंजूर नकाशावर खाडाखोड करणं गुन्हा आहे.
शिसपेन्सिल खिशातच होती.