खुंट

हेल्यूबाईंच्या फाटकाशी माझी सायकल
दोन मिनिटं जास्त थांबते.
टपाल काय, विजेचं बिल, नाहीतर बियाण्यांची यादी.
पण फाटकापासून दारापर्यंतची वाट
गवताची नाही, रानओव्याची आहे.
चाक फिरलं की वास उठतो
आणि पुढच्या तीन घरांची पत्रं
तोच वास घेऊन जातात.

एंडेल होता तोवर इथे हिरवळ होती,
दर शनिवारी भादरलेली, नव्या शिपायाच्या डोक्यासारखी.
तो गेला, यंत्र पडवीत गंजलं.
बाईंनी चुनखडीच्या भेगांत ओव्याच्या काड्या खोचल्या,
अंगठ्यानं माती दाबली,
म्हणाल्या, आता तूच बघ.
त्यानं बघितलं.
विहिरीचा कठडा, खुराड्याची मागची बाजू,
एंडेलच्या बाकाचे दोन पाय.

माती इथे वीतभर.
खाली दगड, म्हणजे समुद्राचा जुना तळ;
कुदळ जोरात पडली तर शिंपला निघतो.
"लाड मागतं ते मी लावत नाही," बाई म्हणतात.
म्हणून वाऱ्याच्या कडेला ती काटेरी झुडपं,
नारिंगी फळं फांदीला घट्ट बिलगलेली,
तोडणाऱ्याच्या हाताचं थोडं रक्त घेतल्याशिवाय न सुटणारी.
म्हणून काळे करंट, म्हणून आंतोनोव्का सफरचंद,
आणि स्वैपाकघराच्या खिडकीखाली
चार चटया मावतील एवढी राय.

राय सप्टेंबरात पेरायची.
ती बोटभर होते न होते तोच बर्फ पडतं
आणि एप्रिलपर्यंत कुणी तिचं नाव काढत नाही.
मी एकदा विचारलं, एवढ्याचं पीठ ते किती?
"एक पाव. नाताळचा.
बाकी दुकानातला खाते, मला काय वेड लागलंय?"

मग ताल्लिनहून तानेल आला, एंडेलचा पुतण्या.
गाडीत मागे आडवं निजवलेलं पीचचं रोप,
गळ्यात चिठ्ठी: गोड, रसाळ, थंडीत टिकणारं.
बाईंनी चिठ्ठी वाचली, आभाळ वाचलं,
परत चिठ्ठी वाचली.
नको म्हणाल्या नाहीत.
दक्षिणेच्या भिंतीशी लावलं,
आणि पहिल्या हिवाळ्यात त्याला एंडेलचा कोट घातला.
जानेवारीच्या सकाळी फाटकातून मला दिसला तो कोट,
भिंतीशी उभा, बाह्या रिकाम्या.
त्या दिवशी मी घंटी वाजवली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात उणे पंचवीस.
मे महिन्यात सगळं उघडलं, पीच उघडलं नाही.
नखानं साल खरवडली तर आत तपकिरी.
बाईंनी करवत आणली, गुडघ्याएवढं ठेवून कापलं,
तेवढ्यात खाली, जोडाच्याही खाली,
मातीलगत दोन कोंब.
कलम मेलं होतं. खुंट जिवंत होता.
करवत त्यांनी विजारीला पुसली
आणि आत जाऊन कॉफी ठेवली, माझ्यासाठीही.

चौथ्या वर्षी त्याला पांढरी फुलं आली,
रात्री दव गोठलं तरी गळली नाहीत.
ऑगस्टात फळं: निळी-काळी, अंगठ्याच्या पेराएवढी,
आंबट, की कानशिलं दुखावीत.

सहाव्या ऑगस्टात तानेल आला, सोबत लहान मुलगी.
"माझं पीच कुठाय?"
बाईंनी बरणी उघडली, काळ्या पावावर मुरंबा फासला.
मुलीचं तोंड आधी चिमटलं,
मग तिनं ताटली पुन्हा पुढे केली.
"हे मी आणलं नव्हतं," तानेल म्हणाला.
"हेच आणलं होतंस. तू वरचं वाचलंस."

मी पडवीत उभी होते, रजिस्टर्ड पत्रावर सही हवी होती.
सहीबरोबर मला एक बरणी मिळाली.
दरवर्षी मिळते.
झाकणावर बाईंच्या तिरक्या अक्षरात,
कुणी हसो की न हसो,
लिहिलेलं असतं: पीच.