चाळिसावा

मावंजी भोये एक डोळा मिटतात
आणि बोरूची काडी दुसऱ्या डोळ्याला लावतात,
तिच्या पलीकडच्या टोकाला
कुणीतरी उभं असल्यासारखी.
"हिच्या तिसऱ्या पेरात खोड हाय."
मला दिसत नाही.
मी म्हणते, चालेल काका, भिंतीवर तर लावायचेत.

गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षांच्या मळ्यात
नवं रिसॉर्ट होतंय. वाइन चाखायच्या दालनात
एक भिंत रिकामी. तिच्यासाठी चाळीस बाण.
मापं माझ्या मोबाइलमध्ये. इसार दिलेला.

ते काडी निखाऱ्यावरून फिरवतात,
दूध ऊतू न जाऊ देणाऱ्या हाताने,
मग दातांत धरून हलकेच दाबतात
तिच्या मनाच्या उलट दिशेला.
पुन्हा डोळा. पुन्हा निखारा.
दमणगंगेच्या काठी दिवाळीनंतर तोडलेली,
तीन महिने आढ्याला, धुरात वाळलेली;
चारांतली एक पास होते.
बाकीच्या चुलीत.

"पिसं एकाच पंखाची लागतात," चांगुणाबाई सांगतात.
त्यांच्या ओच्यात वेचलेली पिसं, कोंबड्याची, घारीची,
डावी वेगळी, उजवी वेगळी.
"मिसळली तर बाण गोंधळतो,
दोन घरचं आवतण आलेल्या पाहुण्यावाणी."

डिंक. तात. हरसूलच्या लोहाराची पाती,
जी साहेबांनी बोथट करून मागितलीत.
मावंजी विचारतात,
"त्या खोलीत वारा कुठनं येतो?"
एसी आहे, मी म्हणते.
ते मान हलवतात, समजल्यासारखी,
आणि पिसाची कड कणभर आणखी कापतात.

संध्याकाळी एकोणचाळीस गोणपाटात बांधले.
चाळिसावा त्यांनी कामठ्याला लावला
आणि नागलीच्या रिकाम्या शेतावर सोडला.
आवाज एवढाच,
की कुणी कापड फाडायला घेतलं
आणि विचार बदलला.

मी अर्धा तास शोधला. सलवारीला कुसळं.
चांगुणाबाई पदराआड हसत होत्या.
"त्याचं पैसं नको धरू," मावंजी म्हणाले.

आता भिंतीवर एकोणचाळीस,
सगळे खिडकीकडे तोंड करून.
एक खुंटी मोकळी, तिला वेटर
बुचं उघडायचा स्क्रू अडकवतो.
बिलावर हिशेबनिसाने लाल पेनाने लिहिलंय:
एक नग कमी. कारण?

तो रकाना
मी अजून भरलेला नाही.