थोडी पिवळी

फिन्स्पोंगला नोव्हेंबरात तीन वाजताच अंधार पडतो,
त्यामुळे चाचणीघरातले दिवे कधी लावले
ते कुणालाच आठवत नाही.
क्वार्ट्झच्या खिडकीआड ज्योत. बशीएवढी.
तिच्या मुळाशी सोळा पात्यांचा भोवरा,
आज पंचेचाळीसवरून अठ्ठेचाळीस अंशांवर वळवलेला.

इंगेगर्ड म्हणते, वायूची आणि हवेची ओळख
पेटण्याच्या आत व्हायला हवी.
चार-पाच मिलिसेकंद. एवढीच मुदत.
तेवढ्यात मिसळले नाहीत तर वायूचा एखादा पुंजका
तसाच राहतो, तिथे आग भलतीच तापते,
आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला नत्र
प्राणवायूचा हात धरून धुराड्यातून पळून जातो.

नऊ पीपीएम. कालच्यापेक्षा चार कमी.
ज्योत निळी, इतकी विरळ निळी
की तिच्यापलीकडचा बोल्ट मोजता यावा.
टाळ्या कुणी वाजवत नाही. स्वीडन आहे.

टूरे कठड्यावर तळवा टेकून उभा.
एकतीस वर्षं या आगींपाशी,
डावा कान कामातून गेलेला, उजवा निम्मा.
"गुणगुणतेय," तो म्हणतो.
पडद्यावर रेघ सपाट.
"येतेय."
आणि मग एकशे बारा हर्ट्झ
जमिनीतून पोटऱ्यांत, कपातल्या कॉफीवर वर्तुळं,
इंगेगर्डची मूठ लाल बटणावर.

उघडून पाहिलं: तीन पात्यांची टोकं
पाकासारखी ओघळून थिजलेली.

जेवणाच्या खोलीत टूरे भलतंच बोलतो.
मायकेन बनमध्ये वेलदोडे भरडच घालायची.
पूड केली की वास सगळीकडे असतो, म्हणायची,
म्हणजे कुठेच नसतो.
इंगेगर्ड मान हलवते, भांडं विसळते,
आणि मध्येच नळ तसाच सोडून निघून जाते.

रात्री साडेअकरा. नवी पाती.
मधल्या बारीक नळीतून आठ टक्के वायू
कच्चाच, हवेची ओळखदेख न करता.
निळ्याच्या पोटात मसुरीएवढा पिवळा डाग
हलतो, पण जागा सोडत नाही,
आणि भोवतालचं सगळं त्याला धरून राहतं.
अकरा पीपीएम.
अहवालात ती अकरा लिहिते. खोडते. पुन्हा अकरा.

टूरे कठड्याला तळवा लावतो.
बराच वेळ.
मग खिशातून हातमोजा काढून
त्याच हातावर चढवतो.