पूल वर असताना

डुलुथच्या बंदरावर पूल उचलला जातो,
खनिजाचं लांबलचक जहाज खालून सरकायला लागतं,
तेव्हा अलीकडे अडकलेल्यांना वीस मिनिटं करण्यासारखं काही उरत नाही,
मार्गिट हौटालाच्या गाडीसमोर रांग लावण्याखेरीज.

गाडी पूर्वी बेकरीची होती.
दाराच्या आतल्या अंगाला पावांचा पेन्सिलीतला हिशेब
तिनं अजून पुसलेला नाही.
फळ्यावर चारच ओळी :
धुरावलेला पांढरा मासा, काळ्या पावावर.
रानतांदळाची पेज, वर स्वतःच्याच चरबीत शिजलेली बदकाची तंगडी.
बीटाचं लोणचं.
चौथी ओळ मार्गिटच्या मनावर.

टोइवो पहिल्यांदा आला तेव्हा
"अठरा डॉलर? पेजेला?"
असं ओरडला की कठड्यावरचे पक्षी उडाले.
मग वाडग्याचा तळ बोटानं निपटून म्हणाला,
"मीठ जरा कमी."
तेव्हापासून दर मंगळवारी तो हेच म्हणतो,
आणि मार्गिट दर मंगळवारी तेवढंच मीठ घालते.

रात्रपाळी उतरलेली एक नर्स
उभ्या उभ्या जेवते, डोळे मिटून.
तिचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नाही,
पण तिला पुढे सोडायचं हे ठरलेलं.
एका जोडप्यानं माशाचे इतके फोटो काढले
की तो गार झाला. खिडकीतून डेलन हळूच म्हणाला,
"आता तो अजून हसणार नाही."

मी काट्यावर असतो. खनिजाचे ट्रक तोलतो.
मला सगळं टनात सांगता येतं,
चवीचं मात्र "छान होतं" च्या पुढे जात नाही.
एकदा जोर करून बोललो :
"ही पेज म्हणजे... शेगडीजवळ वाळत घातलेला लोकरी मोजा."
मार्गिटनं झारा थांबवला.
"कौतुक समजू?"
मलाही नक्की सांगता येईना.

आर्डिस आली ती ऑक्टोबरात,
तलावावरून वारा असा की टोप्या हातात धराव्या लागत होत्या.
"काहीही द्या," ती म्हणाली. "गरम असलं की झालं.
गेल्या हिवाळ्यातल्या तापानं चव नेली, वासही नेला.
माझ्यावर मेहनत घेऊ नका."

जिभेचे चोचले पुरवायला आलेली आमची रांग
एकदम खाली बघायला लागली.

मार्गिट काही बोलली नाही.
बाजूला ठेवलेली माशाची कातडी तिनं तेलात सोडली,
ती तडतडली, आकसली, कडेनं वर वळली.
खाली वाफाळती पेज, वर बर्फातून काढलेली काकडी,
आणि त्यावर ते कुरकुरीत तुकडे, उभे खोचलेले.
"टोपी काढा," ती म्हणाली. "कानांवरची."

आर्डिसनं काढली. पांढरे केस वाऱ्यानं चेहऱ्यावर आले.
तिनं चावा घेतला
आणि तो आवाज मला सातव्या नंबरावर ऐकू आला.

पूल खाली येत होता. घंटा वाजत होती.
मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या,
ज्यांच्या गाड्या होत्या तेही हलले नाहीत.

"मार्चमधला बर्फ," आर्डिस म्हणाली,
"वरून घट्ट, आतून सुटलेला. पाय पडतो तेव्हाचा."
पुन्हा चावली. बराच वेळ चावत राहिली.
"पण चव नाहीच आली हं."
"माहीत आहे," मार्गिट म्हणाली. "दहा डॉलर."

दुसऱ्या दिवशी चौथ्या ओळीत खडूनं लिहिलं होतं : आवाज.
टोइवोनं मागवला, सगळा संपवला,
आणि मीठ जरा कमी निघालं.

मी तो अजून मागवलेला नाही.
आर्डिस येते त्या दिवशी
तिच्या मागचा नंबर धरतो,
नेहमीची पेज सांगतो
आणि टोपी काढून ठेवतो.