तीन नंबरचा खांब

भरतीच्या खुणेच्या वीतभर वर
आम्ही डब्या चिकटवल्या. साबणाच्या वडीएवढ्या,
राखाडी, वायर नसलेल्या.
एकूण चौदा. बॅटरी पाच वर्षं पुरेल, कंपनी म्हणते.

न्हानूने होडी थोपवून धरली होती,
एक तळवा खांबावर ठेवून,
बुजरं जनावर उभं राहावं म्हणून ठेवतात तसा.
"ह्यो कितें आयकतात?"
म्हटलं, थरथर. बस गेली की पूल किती हलतो,
आणि हलून झाल्यावर जागेवर परत येतो का.
"येना जाल्यार?"
तर माझा फोन थरथरतो.

पणजीत, तिसऱ्या मजल्यावर,
तेरेखोल नदी म्हणजे चौदा हिरव्या रेषा.
पोदेराची सायकल उमटत नाही.
पावणेसातची कदंब उमटते.
चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान भरलेले टेम्पो,
एकामागून एक.
रेषा उसळते, रेंगाळते, निजते.

फेब्रुवारीत तीन नंबरचा खांब बोलू लागला.
रोज थोडं,
दशांशचिन्हाच्या पुढे, तिसऱ्या आकड्यात.
मी ऊन वजा केलं, भरती वजा केली,
डबी बदलली.
नवी डबीही तेच म्हणाली: कलतोय.

न्हानूला आलेख दाखवला. तो हसला नाही.
"न्हंय सरकता बाई, पूल न्हय."
मग वल्ह्याकडे बघत,
"रातीं दोनां उपरांत येयात."

गेले. दिवे नसलेल्या सहा होड्या.
खांबाच्या पायाशी माणसं बुडी मारतात,
बादली वर येते, रिकामी होते, खाली जाते.
ओली रेती पडते त्याचा आवाज
डबीला ऐकू येत नाही, फार मऊ असतो.
तिला ऐकू येतं ते नंतर,
रेती नसलेल्या जागेचं.

तिसऱ्या होडीत न्हानूचा धाकटा होता.
न्हानूने मान वळवली नाही. मीही
काही विचारलं नाही.

अहवालात लिहिलं: खांब ३, पायाची रेती घटली,
जड वाहतूक आजच थांबवा.
'कारण' हा रकाना
संध्याकाळपर्यंत कोरा होता.

पर्वरीला आमच्या घराचा गिलावा चाललाय.
आज ट्रक आला. स्वस्त, पावतीशिवाय.
चाळणीजवळ उभं राहून मी दोन्ही ओंजळी भरून उचलली:
बारीक, अजून ओली,
तिच्यात तिसऱ्याची अर्धी शिंपी.

खिशात फोन थरथरला.
चौदांतला कोण, बघायला
हात मोकळा नव्हता.