जुळ्याचं दुखणं

कोत्का, रात्रीचे अडीच, बाहेर उणे एकोणीस.
कागद गिरणीच्या तळघरात मात्र पंख्यांची ऊब;
बूट काढून बसलेय, मांडीवर राईच्या भाकरीचा डबा.

गिरणीनं पोलंडमधली एक गिरणी विकत घेतली.
सोमवारपासून सहाशे माणसं जास्त बोलणार,
फायली टाकणार, बैठका हलवणार,
एकमेकांना अंगठे दाखवणार.
एवढ्यांचं ऐकून घेणं जुन्या सर्व्हरला झेपायचं नाही.
म्हणून त्याला निजवला,
आणि निजेतच त्याच्या तीन नकला काढल्या.

काढणं सोपं. उठवणं अवघड.
पहिली नक्कल उठली, म्हणाली, मी कोत्का-एक.
दुसरी उठली: मी कोत्का-एक.
तिसरीला विचारलंच नाही.
तिघींचा पत्ता एक, ओळखीचा दाखला एक,
नऊ वर्षांपूर्वी जुलैत वीज गेली होती
तीही तिघींना आठवते, जन्माआधीची.

बारशाला आत्या लागते. इथे आत्या मीच.
दोन, तीन, चार, अशी रुक्ष नावं कानात सांगितली,
नवे पत्ते दिले, नवे दाखले,
दारावरच्या वाटप्याला बजावलं:
येईल त्याला आळीपाळीनं चौघांकडे धाड.
पहाटे घरी गेले. कुत्र्यानं मला ओळखलं,
त्याचं जरा बरंच वाटलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता
साऱ्या गिरणीच्या पडद्यांवर एक निरोप आला:
«कॉफी ओतलीय. जो येणार नाही त्याची मी पिईन. – आर्व्हो»
मग पुन्हा तोच.
मग पुन्हा.
मग पुन्हा.

आर्व्हो सिल्तानेन जाऊन दोन हिवाळे झाले.
त्याची ती ओळ कुणी पुसली नव्हती.
दर शुक्रवारी एकदा यायची,
आम्ही काही न बोलता खुर्च्या मागे सरकवायचो.
एकदा आला तर रिवाज.
चारदा आला तर बिघाड.

वरून तूलिक्कीचा फोन: «हे काय चाललंय?»
म्हटलं, जुळ्याचं दुखणं. बघते.

चौथ्यातून काढली. तिसऱ्यातून काढली. दुसऱ्यातून.
पहिल्यात शिरले आणि क्षणभर कळेना
पहिला खरंच हाच का;
आत सगळं तसंच, अक्षर न् अक्षर,
त्यानं केलेली एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा.

तेवढ्यात खाली एक उत्तर उमटलं.
कुणी हाल्शका, नव्या गिरणीतली,
आर्व्हो कोण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं:
«आमच्याकडे आत्ता दोनच वाजलेत.
माझी बिनसाखरेची ठेवा.»

मी पहिल्यातून बाहेर पडले, काही न पुसता.
स्वयंपाकघरात गेले.
आर्व्होचं यंत्र सहा कपांचं;
दोन हिवाळे आम्ही ते चारच्या रेघेपर्यंत भरत आलो.
आज पाणी ओतताना
हात रेघेवर थांबला नाही.