भात्यामागची फळी

पाद्र्यांच्या वहीत तारखा आहेत,
कुणी किती रूबल दिले,
कुणी नुसतेच कबूल केले, तेही.
पण सारेमा बेटावरच्या या ल्युथरन चर्चात
ऑर्गनची हकीकत
भात्यामागच्या फळीवर आहे, पेन्सिलीने,
रविवारभर पायांनी राबलेल्यांच्या हातची.

हिंड्रेक, अठराशे त्रेपन्न:
"नाताळ. बोटे गारठली. प्रवचन लांबले."
खाली दुसरेच अक्षर:
"लांबतेच."

मग बरीच वर्षे नुसत्या रेघा.
उभी म्हणजे लग्न, आडवी म्हणजे मयत.
एका हिवाळ्यात आडव्याच आडव्या,
कुंपण पडल्यासारख्या.

सतरा साली शिपाई आले.
दर्शनी नळ्या कथलाच्या, त्या उतरवल्या,
सत्तेचाळीस, मोजून. पावती दिली.
पावती वहीत जपून ठेवली आहे.
फळीवर आडो लिहितो:
"वारा आहे. जायला वाट नाही."

पुढे जस्ताच्या आल्या, चांदीचा रंग फासलेल्या.
त्यांचा आवाज, एंडेल म्हणतो,
सर्दी झालेल्या माणसाने खरे बोलावे तसा.

मग चर्चचे कोठार झाले.
चावी साल्मेकडे, सामुदायिक शेतीच्या कारकुनीणबाईंकडे.
अक्षर गोल, सरकारी:
"सातू, एकशे बारा पोती. ओल जास्त. उंदीर आहेत."
आणि एका चोवीस डिसेंबरला
पोत्यांचा आकडाच नाही:
"वाजवायला कोणी नाही. तरी भाता तुडवला.
श्वास घेतो अजून."

आता विजेचा पंखा वारा भरतो.
तो काही लिहीत नाही.

एंडेल आत आहे, नळ्यांच्या रानात, गुडघ्यांवर,
वय एक्क्याऐंशी, कानाशी धरलेली नळी.
मी बाहेर कळ दाबून बसते.
कळ दाबणारीला सूर कळावा लागत नाही,
सोडायची कधी नाही, एवढे कळले की झाले.

एक नळी मुकी निघाली. त्याने उपसली, उलटी केली:
मूठभर सातू, उंदराने कुरतडलेली चिंधी,
पिसाच्या वजनाची धूळ.
दाणे मी खिडकीत ठेवले, ज्युनिपरच्या समोर.
सत्तर वर्षांचे. रुजायचे नाहीत.

"पुढची!" तो आतून ओरडतो.
मी पुढची दाबते.